गाडीतच घर करून निघताय? पहिल्या चार दिवसांचे तुमचे प्रश्न

थंडी पडायला लागली की या सदरात प्रवासाचे प्रश्न येतातच, पण यंदा बरीचशी पत्रं एकाच गोष्टीवर आलीत, मोटरहोम. कुणी ट्रॅव्हलरवर बॉडी बांधून घेतलीय, कुणी आठ-पंधरा दिवसांसाठी भाड्यानं घेतंय, कुणी घरच्या जुन्या टेम्पोलाच पलंग बसवायच्या विचारात आहे. बहुतेकांनी विचारलंय ते पार शेवटच्या टोकाचं, कन्याकुमारी, कच्छ, लडाख. मला मात्र सगळ्यांशी पहिल्या चार दिवसांबद्दल बोलायचंय, कारण लांबचा प्रवास बिघडतो तो तिथंच, घरापासून शंभर-दीडशे किलोमीटरवर, आणि नीट बसतो तोही तिथंच. म्हणून त्याच्याशी जोडलेले प्रश्न आधी घेतलेत.

प्रश्न : ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालो. आम्ही दोघंच. ट्रॅव्हलरवर बांधलेली मोटरहोम घेतली आहे आणि दोन महिन्यांत कन्याकुमारीपर्यंत जाऊन यायचा विचार आहे. पहाटे लातूरहून निघून पहिल्याच दिवशी हंपी गाठायची असं मी ठरवलंय, म्हणजे पुढं निवांत. मुलगा म्हणतो पहिल्या दिवशी एवढं नको. तुम्ही काय म्हणता? — एक वाचक, लातूर

सर, मुलाचं ऐका. लातूर ते हंपी चारशेच्या आसपास जातं. कारनं ते एका दिवसात होतं हे खरं, पण ही तीन-चार टनांची, उंच आणि मागं बाहेर आलेली गाडी आहे, तिला ओव्हरटेकला जागा जास्त लागते, ब्रेकला अंतर जास्त लागतं, आडव्या वाऱ्यात ती हलते, वळताना तिचं मागचं टोक उलट्या बाजूला फिरतं, आणि हे सगळं अंगवळणी पडायला दोन-तीन दिवस जातातच. त्यात तुम्ही दमून अंधारात अनोळखी जागी पोचलात आणि तिथं पहिल्यांदा पलंग कसा उघडायचा, पाण्याचा पंप कुठून चालू करायचा हे शोधत बसलात तर तुमच्या सोबतच्या ताईंचं या प्रवासावरचं मनच उडेल.

माझं ऐकाल तर पहिला मुक्काम लातुरातच करा. स्वतःच्या अंगणात नाहीतर शेतात गाडी लावा आणि रात्रभर तिच्यातच राहा, घरात पाऊल टाकायचं नाही, चहासुद्धा गाडीतच. त्या एका रात्रीत कळतं की चहाची गाळणी राहिली, टॉर्च कुठं ठेवला ते आठवत नाही, पलंगावरून उठताना डोकं वरच्या कपाटाला लागतं, आणि नळाच्या खालच्या जॉइंटमधून थेंब थेंब पाणी येतंय. घर दहा पावलांवर असताना हे सगळं कळलं तर त्रास काहीच नाही, सकाळी उठून दुरुस्त करायचं.

दुसऱ्या दिवशी औशावरून तुळजापूर, अंतर फार तर ऐंशी किलोमीटर. वाटेत औशाचा किल्ला आहे, तो बघायला थांबा म्हणजे गाडीला आणि तुम्हाला दोघांनाही विसावा होतो. फक्त मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळून निघा, त्या दिवशी तुळजापुरात एवढी गर्दी असते की मोठी गाडी आत घालणं म्हणजे नुसता मनस्ताप. गाडी गावाबाहेरच्या पार्किंगला लावायची आणि देवीला रिक्षानं किंवा पायी जायचं. तिसऱ्या दिवशी नळदुर्ग, तिथून पस्तीसेक किलोमीटर. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल आहे ना, तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहच्या काळातला, तो घाईत बघायची गोष्ट नाहीये, अर्धा दिवस द्या त्याला. नर-मादी धबधबे मात्र पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडेच दिवस वाहतात, थंडीत पाणी दिसेलच असं नाही. चौथ्या दिवशी सोलापूर.

सोलापूर चौथ्या दिवशी का, तर तोपर्यंत गाडीतलं जे काही ढिलं आहे ते सगळं उघडं पडलेलं असतं आणि सोलापुरात गॅरेज, बॅटरीवाले, बॉडीवर काम करणारे, सुतार सगळे मिळतात. तिथं एक दिवस घालवून दुरुस्ती करून घ्या. एखादी गोष्ट फारच बिनसली तर लातूर अजून तीन तासांवर आहे, परत यायला लाजू नका. एकदा विजापूर ओलांडलं की भाषा बदलते, ओळखी संपतात आणि छोटं कामही मोठं वाटायला लागतं.

अजून एक गोष्ट सांगते, ती रोज करायची. निघायच्या आधी एकानं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालायची, आणि नुसतं बघायचं नाही, हात लावायचा. दाराची पायरी आत गेली का, हात लावून. छताची खिडकी बंद झाली का, आतून ओढून. सिलेंडरचा नॉब बंद, फ्रिजच्या दाराची कडी लागलेली, बाहेरचा पाण्याचा पाइप आणि वायर काढलेली, टायरला हात. ड्रॉवरची खिट्टी तर दोनदा बघा. आपल्याकडं गावागावात बिनरंगाचे स्पीडब्रेकर आहेत, दिसतच नाहीत, आणि पहिल्याच ब्रेकरला ड्रॉवर उघडून सगळे चमचे पायाखाली येतात, चालवणारा दचकून मागं वळून बघतो, आणि अपघात नेमका त्या क्षणाला होतो. डब्यांखाली रबरी मॅट टाका, काचेच्या बरण्यांना जुने मोजे घाला, आणि जड सामान, म्हणजे तांदूळ, पीठ, पाण्याचे कॅन, खाली आणि दोन चाकांच्या मध्ये ठेवा, वरच्या कपाटात फक्त कपडे. ही फेरी रोज एकाच माणसानं करावी. आज तुम्ही उद्या ताई असं केलं की दोघांनाही वाटतं दुसऱ्यानं बघितलं असेल.

प्रश्न : आम्ही पाच जण आहोत, आम्ही दोघं, दोन मुलं (वय ९ आणि ५) आणि सासूबाई. भाड्यानं मोटरहोम घेऊन नांदेडहून औंढा, परळी, अंबाजोगाई, बीड, पैठण करत वेरूळपर्यंत जायचंय. गाडीत छोटा संडास आहे आणि १०० लिटरची टाकी आहे. पाणी किती दिवस पुरेल? आणि त्या संडासाचं नेमकं करायचं काय, हे विचारायची लाज वाटते पण कुणीच नीट सांगत नाही. — एक वाचक, नांदेड

लाज कसली, मोटरहोममध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो आणि गाडी देणारे तेवढाच भाग उडवून लावतात. तुमच्या गाडीत बहुतेक कॅसेट टॉयलेट असेल. म्हणजे खाली एक बंद डबा असतो, साधारण १७ ते २० लिटरचा, तो बाहेरच्या झाकणातून ओढून काढता येतो. दोन माणसांना तो दोन-तीन दिवस जातो, पाच जणांनी सगळं तिथंच केलं तर एका दिवसात भरेल. त्यामुळं सुरुवातीलाच घरात नियम करून टाका, गाडीतला संडास फक्त रात्री आणि सासूबाईंसाठी. बाकीच्यांनी दिवसा पेट्रोल पंप, भक्तनिवास, हॉटेल वापरायचं. पंपावर डिझेल भरलं असो वा नसो, शौचालय आणि प्यायचं पाणी मागायचा तुम्हाला हक्क आहे, संकोच करू नका.

डबा रिकामा करायचा तो सेप्टिक टँकला किंवा ड्रेनेजला जोडलेल्या संडासातच, आणि तिथल्या माणसाला विचारून. सरळ सांगायचं की गाडीतला डबा आहे, रिकामा करून भरपूर पाणी टाकून जागा स्वच्छ करून देतो, वर शंभर रुपये देतो. बहुतेक लोक हो म्हणतात. नाल्यात, ओढ्याला, कुणाच्या बांधाला ओतायचं नाही म्हणजे नाही. कुणाच्या तरी विहिरीत ते झिरपणार आणि पुढच्या मोटरहोमला त्या गावात कुणी उभं करणार नाही. डब्यात टाकायचं औषध घेताना बिनफॉर्मॅलिनचं घ्या, फॉर्मॅलिननं सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात आणि ज्यानं तुम्हाला मदत केली त्याचाच टँक बिघडतो. रबरी हातमोजे आणि एक वेगळी बादली, एवढं सामान त्या कामाचं, ते स्वयंपाकाच्या सामानाजवळ ठेवू नका.

आता पाणी. बादलीनं आंघोळ केली तरी माणशी १५-२० लिटर जातं, म्हणजे पाच आंघोळीत टाकी संपली. म्हणून टाकीचं पाणी भांडी, हात-पाय आणि संडास एवढ्यालाच, आंघोळी भक्तनिवासात खोली घेऊन. औंढ्याला, परळीला, अंबाजोगाईला मुक्कामाला खोल्या मिळतात, एक खोली घेतली की पाचही जणांचं आटोपतं आणि सासूबाईंना नीट पाठ टेकता येते. प्यायला २० लिटरचा जार वेगळा, टाकीतलं पाणी प्यायचं नाही, मुलांना तर अजिबात देऊ नका.

आणि एक मनापासून सांगते. मराठवाड्यात पाणी कुठून भरता याचा विचार करा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, ते इथं कुणी विसरलेलं नाही. फेब्रुवारी-मार्च उजाडला की कितीतरी गावांत बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत असतात. तिथल्या हापशाला पाइप लावून शंभर लिटर भरून घेणं चुकीचंच आहे, कुणी काही बोललं नाही तरी. पंपावर किंवा धाब्यावर बोअर असेल तिथं विचारून, पैसे देऊन भरा. आणि टाकी भरली की गाडी शंभर किलोनं जड झाली हे चालवणाऱ्यानं लक्षात ठेवायचं.

मुलांचं सांगायचं तर गाडी चालू असताना ती बेल्ट लावून सीटवरच बसतील, पलंगावर लोळायचं नाही, मधे उठून फ्रिज उघडायचा नाही, आणि तुम्हीही गॅस पेटवायचा नाही. हे पहिल्या तासात ठामपणे केलं तर पुढं सोपं जातं, पहिल्या दिवशी सूट दिली की मग रोज रडारड. अंबाजोगाईहून केजमार्गे बीडला जाताना मांजरसुंब्याचा घाट लागतो, उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, इंजिनाच्या जोरावर गाडी रोखत उतरा, नुसत्या ब्रेकवर पाय ठेवून भरलेली गाडी उतरवली की ब्रेक तापतात आणि धरत नाहीत. पहिल्या दिवशी फक्त औंढ्यापर्यंतच जा, साठ-पासष्ट किलोमीटर होतात तेवढी बास. मंदिरात जाऊन या, दगडातलं कोरीवकाम सासूबाईंसोबत सावकाश बघा आणि रात्री लवकर झोपा.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरला आयटीत आहे, घरून काम करतो. व्हॅन बनवतोय. १०० एएचची बॅटरी, इन्व्हर्टर आणि छतावर एसी टाकायचा विचार आहे, एप्रिलमध्ये निघायचं, रात्री एसी लावून झोपायचं, दिवसा लॅपटॉप. जमेल ना? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

नाही जमणार भाऊ, हिशोब करून दाखवते. १२ व्होल्टची १०० एएच (अँपिअर-तास) बॅटरी म्हणजे १२ गुणिले १००, १२०० वॉट-तास वीज. साधी लेड-ॲसिड असेल तर तिच्यातली निम्मीच वीज वापरावी, नाहीतर बॅटरी लवकर मरते. लिथियम असेल तर ८०-९० टक्के वापरता येते, म्हणजे हजारभर. छतावरचा एसी तासाला हजार किंवा त्याहून जास्त ओढतो. तासाभरात खेळ खलास. १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज दिवस-रात्र मिळून चार-पाचशे घेतो, लॅपटॉप आठ तास चालवला की अजून तेवढंच. म्हणजे तुमची बॅटरी फ्रिज आणि लॅपटॉपमध्येच संपली, पंखा आणि दिवे राहिलेच.

२०० एएच लिथियम, छतावर ३००-४०० वॉटचं सोलर आणि गाडी चालताना अल्टरनेटरवरून बॅटरी भरणारा डीसी चार्जर, एवढं केलं की काम, फ्रिज, पंखा आरामात चालतं. २०० वॉटचा पॅनेल आपल्याकडच्या कडक उन्हात दिवसाला सातशे-आठशे वॉट-तास देतो, पण पॅनेल उन्हात हवा आणि माणूस सावलीत, ही ओढाताण रोज असते, तेव्हा सुटा पॅनेल लांब वायरवर ठेवता आला तर उत्तम. एसी हवाच असेल तर जिथं वीज जोडून मिळते तिथंच मुक्काम करा, आणि जोडणी घेताना अर्थिंग तपासून घ्या, पत्र्याच्या गाडीत अर्थिंग नसेल तर जिवावर बेततं.

खरं सांगायचं तर एप्रिल सोडा. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, पत्रा रात्री दहापर्यंत तापलेला राहतो, अशात पहिला प्रवास केला की माणूस व्हॅन विकायला काढतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी यातलं काहीही घ्या.

तुमचे पहिले चार दिवस तर शहराच्या अवतीभवतीच होऊ शकतात, एवढं भाग्य फार थोड्या जणांचं. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, मग म्हैसमाळ, सगळं तासा-दीड तासात. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी, त्याप्रमाणं वार लावा. अजिंठ्याला तुमची गाडी फर्दापूरजवळच्या फाट्यापर्यंतच जाते, तिथून लेण्यांपर्यंत चारेक किलोमीटर त्यांच्या बसनं जायचं, त्यामुळं गाडीत लॅपटॉप कुठं कुलूपबंद ठेवणार ते आधी ठरवा. आणि आपलं शहर दरवाजांचं आहे हे विसरू नका, जुन्या शहरातल्या कमानींतून उंच व्हॅन घालायची नाही. दौलताबादलाही रस्ता किल्ल्याच्या तटातल्या अरुंद दरवाजातून जातो, शनिवार-रविवारी तिथं गाड्या अडकून पडतात, पहाटे लवकर निघालात तर काही नाही. एसी आणि पॅनेल धरून गाडीची उंची फूट आणि मीटर दोन्हींत मोजून स्टिअरिंगसमोर चिकटवून ठेवा, रेल्वेच्या भुयारी मार्गाच्या पाटीवर मीटर असतात आणि आपल्या डोक्यात फूट.

समृद्धीवर पहिल्या दिवशी जाऊ नका, मोह होईल तरी. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता गाडी पळवायला आहे, कडेला थांबायची सोय नाही, आणि नव्या गाडीत काहीतरी खडखडलं म्हणून दर वीस किलोमीटरला तुम्हाला थांबावं लागणार आहे. चार-पाच दिवसांनी गाडी ओळखीची झाली की मग जा.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी, दोघींनाही गाडी चालवता येते. रात्री गाडी कुठं लावायची याची घरच्यांना काळजी आहे. जायकवाडीच्या पाण्याकाठी मोकळं आहे म्हणे, तिथं थांबलं तर? — एक वाचक, जालना

पाण्याकाठची जागा सकाळ-संध्याकाळ बसायला फार सुंदर, नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, थंडीत पक्षी येतात ते बघायला तर जाच, पण मुक्काम तिथं नको. एक तर एकांत, आणि दुसरं कारण जमीन. आपलं काळं रान वरून कडक दिसतं, रात्री अर्धा तास पाऊस पडला की चिकट होऊन चाकाला थर बसतो, चाक गोल फिरतं पण गाडी हलत नाही, आणि जेवढी रेस द्याल तेवढी ती आत जाते. तीन-चार टनांची गाडी ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. अवकाळी तर आता कोणत्याही महिन्यात येतोय. मुरूम टाकलेली, डांबराची किंवा फरशीची जागा असेल तिथंच गाडी लावायची. नदीच्या पात्रात आणि धरणाच्या खालच्या बाजूला तर कधीच नाही, पाणी कधी सोडतील सांगता येत नाही.

पहिल्या तीन-चार रात्री ओळखीच्या दारात काढा. मावशी, आत्या, कॉलेजची मैत्रीण, कुणाचं शेत, मराठवाड्यात प्रत्येकाचं कुणी ना कुणी असतंच. त्यांच्या अंगणात गाडी लावायची, झोपायचं गाडीतच. जेवायला आत बोलावतील, जा, पण झोपायला गाडीत या, नाहीतर सवय होत नाही. पुढं अनोळखी ठिकाणी सगळ्यात बरं म्हणजे देवस्थानाचं भक्तनिवास आणि त्याचं आवार. नांदेडला हजूर साहिबला यात्रेकरूंसाठी निवास आहेत, लंगर चालू असतं, तिथं बायकांना भीती वाटत नाही. कृषी पर्यटन केंद्रं आहेत, मोठे पेट्रोल पंप आहेत, रात्रभर चालू असणारे, कुटुंबं थांबतात असे धाबे आहेत. धाब्यावर जेवण घ्यायचं आणि मालकाला तोंडावर विचारायचं, "दादा, रात्री इथं गाडी लावून झोपलो तर चालंल का?" न विचारता कोपऱ्यात गुपचूप उभी केलेली गाडी संशयाची वाटते, विचारलेली गाडी पाहुण्याची होते. गावाजवळ थांबणार असाल तर पोलीस पाटलांना सांगून ठेवा.

दिवस मावळायच्या तासभर आधी पोचायचं, हे मात्र कधीच मोडू नका. उजेडात जागा कळते, जमीन कळते, शेजारी कोण आहे ते कळतं. गाडीचं तोंड रस्त्याकडं करून लावायची, म्हणजे नको वाटलं तर वळवत बसावं लागत नाही, किल्ली एकाच ठरलेल्या खिळ्याला, चालकाच्या सीटपर्यंत आतून जायची वाट मोकळी. पडदे ओढले की आत किती जण आहेत ते बाहेर कळत नाही. मदतीचा ११२ नंबर दोघींच्या फोनमध्ये आणि रोजचं लोकेशन घरी. आता अंधारात न चालवायचं दुसरं कारण, ऊस. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत आपल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या असतात, कित्येकांना मागं दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, आणि समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यावर आला की ऊस दिसतो तो बोनेटसमोर आल्यावरच. तुम्ही कितीही चांगलं चालवत असाल तरी संध्याकाळनंतर थांबलेलंच बरं.

प्रश्न : गॅसची भीती वाटते. आमच्या गाडीत ओटा आहे, मिस्टर म्हणतात घरचाच सिलेंडर ठेवू. — एक वाचक, धाराशिव

भीती योग्य आहे. घरचा १४.२ किलोचा सिलेंडर गाडीत नको, तो जड आहे, हलतो, आणि घरगुती वापरासाठीच दिलेला असतो. ५ किलोचा छोटा घ्या, उभाच ठेवा, पट्ट्यानं आवळा, आणि त्याचं कपाट असं हवं की आतल्या खोलीकडून पूर्ण बंद आणि तळाला बाहेर उघडणारी जाळी. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो वर जात नाही, फरशीवर साचतो. म्हणून ती खालची जाळी चप्पल, पायपुसणं, पिशवी, कशानंही झाकू नका, थंडी वाजते म्हणून कापड तर अजिबात कोंबू नका. गॅसचा अलार्मही खालीच, पायाच्या उंचीला लावायचा.

पहिल्या चारही दिवशी मुक्कामाला पोचलात की साबणाचा फेस करून रेग्युलेटरला, नळीच्या दोन्ही टोकांना आणि शेगडीच्या जॉइंटला लावून बघा. रस्त्याच्या हादऱ्यानं पहिल्या दिवसांतच क्लिप सैल होते. बुडबुडा आला की नॉब बंद, दारं उघडी, आणि दिव्याच्या बटणाला हात नाही. स्वयंपाक करताना छताची खिडकी उघडी हवी, आणि ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटवून झोपायचं नाही, शेकोटीची घमेली तर आत आणायचीच नाही. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो.

खरं तर पहिले दोन दिवस गॅस पेटवायचीच गरज पडू देऊ नका, चहापुरता ठीक. घरून धपाटे न्या, दशम्या न्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, घट्ट दही पहिल्या दिवसापुरतं. दशमी दुधात भिजवलेली असते म्हणून मऊ राहते, प्रवासाला आपल्या आज्या तीच बांधून द्यायच्या. भाकरी तिसऱ्या दिवसानंतर, आणि ती गाडीच्या बाहेर छोट्या शेगडीवर. आत थापायला बसलात की ज्वारीचं पीठ पंख्यानं पार अंथरुणापर्यंत जातं.

प्रश्न : मागच्या हिवाळ्यात आम्ही महिन्याभरासाठी निघालो आणि तिसऱ्या दिवशी भांडून परत आलो. रिव्हर्स घेताना मी मागं उभी राहून सांगत होते, त्यांना ऐकू आलं नाही, गाडी झाडाला घासली, आणि मग दोन दिवसांचं सगळं साचलेलं बाहेर पडलं. आता पुन्हा निघायचं म्हणतात. मला जावंसं वाटतंय पण धीर होत नाही. — एक वाचक, परभणी

ताई, जा. तिसरा दिवस सगळ्यांचाच जड जातो. पहिल्या दिवशी उत्साह असतो, दुसऱ्या दिवशी नवलाई, आणि तोवर दोन रात्री नीट झोप झालेली नसते, पाठ आखडलेली, पोट बिघडलेलं, आणि दहा फुटांच्या जागेत रागावून जायला दुसरी खोली नाही. त्यात तुमच्या पत्रावरून दिसतंय की चालवणं त्यांचं आणि बाकी सगळं तुमचं होतं, म्हणजे स्वयंपाक, आवरणं, रस्ता सांगणं आणि वरून रिव्हर्सलाही तुम्हीच. घरचा स्वयंपाकघराचा भार जसाच्या तसा गाडीत आणला तर बाईचा प्रवास कसला, जागा तेवढी बदलली. हे निघायच्या आधी बसून बोला, झाडाचा विषय न काढता. संध्याकाळचं जेवण बाहेर किंवा त्यांच्या हातचं, सकाळी अंथरूण कुणी उचलायचं, संडासाचा डबा कुणी रिकामा करायचा, सगळं ठरवा.

रिव्हर्सचं सोपं आहे. ओरडून सांगायचंच नाही. मागं उभं राहणाऱ्यानं चालकाच्या बाजूच्या आरशात दिसेल असं उभं राहायचं आणि हाताच्या खुणा करायच्या, या, डावीकडं, उजवीकडं, थांबा. माणूस आरशातून दिसेनासा झाला की गाडी जागेवर थांबली पाहिजे, हा नियम त्यांनी पाळायचा. निघायच्या आधी एखाद्या मोकळ्या मैदानात अर्धा तास सराव करा, जमलं तर तुम्हीही चालवून बघा, दहा किलोमीटर का होईना. आणि तिसऱ्या दिवशी गाडी हलवायचीच नाही. परभणीहून गंगाखेड, परळी करत अंबाजोगाईला जा आणि तिथं दोन रात्री राहा. योगेश्वरीचं दर्शन, मुकुंदराजांची समाधी, बाजारात एकटीनं फेरफटका, दुपारी मस्त झोप. त्यांना गाडीपाशी बसू द्या, तुम्ही फिरून या. अर्धा दिवस एकमेकांपासून लांब राहिलं की संध्याकाळी बोलायला काहीतरी असतं.

प्रश्न : माझ्याकडं जुना मालवाहू टेम्पो आहे, वेल्डरकडून पलंग, खिडक्या बसवून घेतो. लायसन कारचं आहे. चालतंय का? — एक वाचक, माजलगाव

आधी आरटीओ, मग वेल्डर. नोंदणीच्या कागदावर जे लिहिलंय त्यात फेरफार करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आधी मंजुरी लागते. बिनमंजुरीची खिडकी कापली, मालाच्या जागी माणसं बसवली आणि उद्या काही झालं तर विमा कंपनी हात वर करते, दंड वेगळा. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस १२४ नावाचं मानक आहे, त्याप्रमाणं बांधणारे लोक आहेत, खर्च जास्त येतो पण कागद सरळ राहतो. लायसनचं म्हणाल तर एकूण वजन ७५०० किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनात धरतात, त्यामुळं कारच्या, म्हणजे एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसनवर अशी गाडी चालवता येते, तुमच्या आरसी बुकात ग्रॉस वजन बघून घ्या. भाड्यानं घेऊन स्वतः चालवणार असाल तर नंबरची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी हवीत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी भाड्यानं देत असेल तर घेऊ नका. विम्याचा कागद, पीयूसी आणि टोलसाठी फास्टॅग कोणत्या वर्गाचा लागलाय, एवढं निघायच्या आठवडाभर आधी तपासा, आदल्या रात्री नको.